उजवा बाण, डावं टेबल

मी नेमकं काय काम करतो, हे माझ्या सासुरवाडीला अजून नीट कळलेलं नाही. आंधळगावचे माझे मोठे साळे माणूस म्हणून फार चांगले. पण "जावई का करते?" असं कुणी विचारलं की ते सांगतात, "मशीनले बटनं लावते." विचारणारा थोडा थांबतो. मग म्हणतो, "अन् मंग?" साळे म्हणतात, "मंग घरी येते."

यात खोटं काहीच नाही, त्यामुळे मला रागही धरता येत नाही.

तरी या निमित्ताने सविस्तर सांगून टाकतो, म्हणजे निदान पुढच्या लग्नकार्यात हा अंक साळ्यांच्या हातात देता येईल. कारखान्यात लोखंड कोरायची मिलिंग मशीन असते. खाली टेबल, टेबलावर वाईसच्या जबड्यात घट्ट धरलेला लोखंडाचा तुकडा, आणि वर गरगर फिरणारं कटर. पूर्वी टेबल हाताने, चाकं फिरवून सरकवायचे. आता ते काम कॉम्प्युटर करतो. पण कॉम्प्युटर आला तरी माणसाला हात ठेवायला काहीतरी लागतं. तेलाने माखलेल्या हातात माऊस टिकत नाही. आणि काही बिनसलं तर माणूस पडद्यावर बाण शोधत बसत नाही, समोर जे असेल त्यावर थाप मारतो. म्हणून मशीनच्या बाजूला एक पेटी असते आणि पेटीवर खरीखुरी, दाबली की टक वाजणारी बटणं असतात.

बटणाला स्वतःला काही कळत नसतं. ते दाबलं की दोन तारा एकमेकींना टेकतात, संपलं. तारा जातात एका कार्डाकडे, आणि कार्ड कॉम्प्युटरला सांगतं की अमुक नंबरच्या दारावर कुणीतरी आलंय. तो पाहुणा 'सुरू कर' म्हणतोय, 'थांब' म्हणतोय की 'डावीकडे सरक' म्हणतोय, हे आधी ठरवून कॉम्प्युटरमध्ये लिहून ठेवावं लागतं. ते लिहिणारा मी. पेटी वेल्डरही बनवू शकतो, तारा कुणीही जोडेल. कुठल्या टकटकीला काय उत्तर द्यायचं, ते ठरवणं हा माझा धंदा.

यात सगळ्यात जास्त डोकं खातं ते 'सुरू' बटण. तुमसरकडच्या एका कारखान्यात मी अशी पेटी बसवली होती. दसऱ्याला सगळीकडे यंत्रांची पूजा होते. आम्ही घरचे सगळे त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर असतो. त्या गर्दीत दुसऱ्या माणसाचा आवाज कानाशी येऊनही ऐकू येत नाही, आणि नेमका तेव्हाच त्या मालकाचा फोन. "भाऊ, पूजा केली अन् मशीन रुसून बसली." दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. भक्तिभावाने नारळ फोडलेला, तोही थेट पेटीच्या कोपऱ्यावर. नारळाचं पाणी 'सुरू' बटणात उतरून वाळलेलं, आणि बटण दाबलेल्या अवस्थेत चिकटलेलं. मशीन चालू केल्याबरोबर 'सुरू' आधीच दाबलेलं दिसलं तर काही करायचं नाही, असं मी लिहून ठेवलं होतं. म्हणून ती गप्प होती. नाहीतर हळदीकुंकवासकट निघाली असती. मी मालकाला हे मोठ्या अभिमानाने समजावलं. ते म्हणाले, "म्हनजे तुमीच बंद करून ठेवली होती." आमच्या धंद्यात कौतुक हे असं मिळतं.

पण मला सांगायचंय ते ताराचंदभाऊंचं.

भंडाऱ्याच्या जरा बाहेर प्रमोदशेठचं वर्कशॉप आहे. त्यांच्या घरी पूर्वी हातमाग होते. वडिलांनी माग बंद करून लेथ घेतली, आणि मुलाने त्यात भर घातली. धानाच्या मिलांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे लोखंडी दांडे, पुल्या, झिजलेले बेअरिंगचे गोळे, सगळं तिथे येतं. धान कापणीला आलं की मिलवाले खडबडून जागे होतात, आणि ज्याचा शाफ्ट वर्षभर कुरकुरत होता त्याला तो आजच्या आज हवा असतो.

त्या वर्कशॉपात हाताची एक जुनी मिलिंग मशीन होती आणि तिच्यावर ताराचंदभाऊ होते. वैनगंगेकाठच्या ढिवरांच्या घरातले, पंचावन्नच्या पुढचे, बारीक अंगाचे. वडील मासे धरायचे. हे तरुणपणीच वर्कशॉपात शिरले ते तिथलेच झाले. टेबल सरकवायची दोन चाकं ते दोन हातांनी अशी फिरवत की बघणाऱ्याला वाटावं, हार्मोनियम वाजवतायत.

शेठनी कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून कॉम्प्युटरवाली मशीन घेतली. तिचं अंग ठणठणीत, डोकं गेलेलं. नवं डोकं आणि नवी बटणं बसवायला मला बोलावलं. मी राहतो त्या कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की मी तिथे पोचतो, त्यामुळे जाण्यायेण्याची तक्रार करायला वाव नव्हता.

पहिल्याच दिवशी शेठनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, मी साफ सांगतो. जुनी मशीन मी विकून राहिलो, तिची जागा मले पायजे. ताराचंदभाऊ नव्या मशीनवर बसले त माह्या डोक्यावरचं ओझं उतरलं. दिवाळीपर्यंत पायतो. नाही जमलं त नागपूरचा एक शिकलेला पोरगा मी बोलून ठेवला हाय."

"अन् ताराचंदभाऊ?"

शेठ कपाळ चोळत म्हणाले, "मंग त्यांले मी कोनत्या मशीनवर उभं करू, तुमीच सांगा."

माणूस वाईट नव्हता. पण वर्कशॉपात भिंती पत्र्याच्या असतात. हे बोलणं ताराचंदभाऊंपर्यंत माझ्या आधी पोचलं असणार.

मी बटणं लावली. सुरू, थांब, संकटात थाप मारायचं लाल, आणि खाली बाण: डावा, उजवा, पुढे, मागे, वर, खाली. ताराचंदभाऊंना पेटीसमोर उभं करून मी सगळं समजावलं. बाणांविषयी तर अगदी मन लावून समजावलं, कारण तिथे एक गंमत आहे. या मशीनमध्ये कटर जागच्या जागी फिरतं आणि सरकतं ते खालचं टेबल. पण बाण लावताना जगभर असं धरतात की टेबल स्थिर आहे आणि कटर लोखंडावरून चालतंय. उजवा बाण म्हणजे कटर लोखंडावर उजवीकडे जाणार. म्हणजे प्रत्यक्षात टेबल डावीकडे जाणार. मी हे हातवारे करून, खडूने जमिनीवर काढून, बराच वेळ सांगितलं. ताराचंदभाऊंनी मान डोलावली. माझं काम झालं असं समजून मी चहा प्यालो.

मग फोन यायला लागले. कटर तुटलं. परत तुटलं. वाईसच्या जबड्यावर खाच पडली.

शेठचं म्हणणं, वय झालं. माझं म्हणणं, तारेत घोळ असेल. मी जाऊन पेटी उघडली, एकेक तार सोडून परत जोडली, कार्डावरचे दिवे मोजले, कॉम्प्युटरातलं लिखाण पुन्हा वाचलं. सगळं माझ्या आयटीआयच्या प्रमाणपत्राइतकं स्वच्छ. स्वतःची चूक सापडली नाही की माणसाला किती वाईट वाटतं, ते तेव्हा कळलं. तार चुकलेली असती तर ती सरळ करून ताराचंदभाऊंना वाचवता आलं असतं.

शेवटी मी पेटी बंद केली आणि नुसता उभा राहून बघू लागलो. ते काम करत होते. सावकाश असताना सगळं नीट. तेवढ्यात कटरने आवाज बदलला. ते वाईसच्या उजव्या अंगाला होतं. वाईस त्याच्यापासून दूर, डावीकडे न्यायला हवा होता. ताराचंदभाऊंच्या बोटाने झटकन डावा बाण दाबला. टेबल उजवीकडे आलं आणि वाईस थेट कटरवर. टण्ण. कटरचा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो म्हणून दिसलं. त्यांची नजर कटरवर नव्हतीच. टेबलावर होती. सगळं आयुष्य त्यांनी टेबलच सरकवलं होतं. आम्ही दोघं एकाच मशीनकडे बघत होतो. मी वर, ते खाली.

मी परत समजवायला बसलो. आता मला सुंदर उदाहरण सुचलं होतं. "भाऊ, असं समजा का तुमी डोंग्यात बसले. डोंगा पुढं जाते, काठ मांगं जाते. बरोबर? तसं कटर म्हनजे डोंगा."

ताराचंदभाऊ माझ्याकडे जरा दयेने बघत म्हणाले, "तू कधी डोंगा चालवला का गा?"

"नाही."

"पोहता येते?"

"नाही."

"कारध्याले रायतं अन् पोहता नाही येत." त्यांनी तुटलेलं कटर उचलून डब्यात टाकलं. "डोंग्यात बसल्यावर काठ हालते का डोंगा हालते, हे मले नोको सांगू. मले समजलं तू का म्हनून राहिला ते. पन माहा डोंगा टेबल हाय. इतके वर्स त्याच्यावरच बसलो. घाईगडबडीत मानूस आपल्याच डोंग्यात उडी मारते, दुसऱ्याच्या नाही."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्याच्यापेक्षा ते बान उलटे करून दे ना. तूच त म्हनतं, सारं कॉम्प्युटरात लिवलं असते."

हे खरं होतं. एका आकड्याआधी उणे चिन्ह टाकलं की काम झालं असतं. एवढंसं काम. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पाळावीच लागते: समोरच्या माणसासाठी नाही, उद्या मशीनसमोर जो कुणी उभा राहील त्याच्यासाठी बटणं लावायची. सगळीकडचे बाण एकसारखे आणि या एका मशीनचे उलटे, तर दुसरा माणूस पहिल्या घाईत आपटणार. आणि तेव्हा नुसतं कटरच तुटेल असं नाही, हातही मधे असू शकतो.

मी तसंच सांगितलं. "करता येते भाऊ. पन उद्या दुसरा कोनी मशीनवर आला त त्याचा घात होईन."

"दुसरा कोन?"

मी पेटीचं झाकण उगाच दाबून पाहिलं.

"म्हनजे तो नागपूरवाला येऊनच राहिला, असं तुनं बी धरून ठेवलं."

ते वळले आणि जुन्या मशीनपाशी जाऊन तिचं चाक पुसू लागले. चाक आधीच स्वच्छ होतं. मी माझं सामान पिशवीत भरलं. जे बोललो ते धंद्याच्या हिशेबाने बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण बरोबर बोलून एखाद्याला इतकं लागू शकतं, हे कुठल्या आयटीआयमध्ये शिकवत नाहीत.

संध्याकाळी घरी जेवताना मी सगळं बायकोला सांगितलं. सुनंदाला मशीनमधलं काही कळत नाही असा माझा समज आहे, आणि तो तिने अजून मोडलेला नाही. ती फक्त माणसांबद्दल बोलते.

"तुमी त्यांले काहून समजावून राहिले?" ती म्हणाली.

"समजलं पायजे ना त्यांले."

"ते त म्हनले ना, समजलं म्हनून. मले स्कुटी शिकवली तवा बी तुमी असंच केलं. ब्रेक कसा असते, क्लच कायले नसते, अर्धा घंटा भाषन. अन् गाडी हातात दिली त मी सरळ भाजीवाल्याच्या हातगाडीत."

"मंग शिकली कशी?"

"तुमी कामावर गेल्यावर. मोकळ्या मैदानात. कोनाले लागनार नाही अशा जागी."

आमची मुलगी प्राची मान खाली घालून हसत होती. मी वरणात भात कालवत बसलो, कारण घरात आपण हरलो हे कबूल करायची तीच एक सभ्य रीत आहे. पण मोकळ्या मैदानाचं डोक्यात राहिलं. मशीनला मोकळं मैदान कुठून आणणार? कटर आहे तिथे लागणारच.

कटर नसलं तर?

नवी मशीन लावली की कटरच्या जागी पेन बांधून कागदावर चौकोन काढायचा, ही माझी जुनी सवय आहे. चौकोन नीट आला म्हणजे मशीन नीट. सकाळी मी प्राचीच्या डब्यातला जाड निळा स्केचपेन उचलला. ती म्हणाली, "पप्पा, झाकन लावून ठेवजा." मी हो म्हणालो आणि झाकण घरीच विसरलो.

ताराचंदभाऊ आदल्या दिवसाचा राग विसरलेले नव्हते. मी टेबलावर पुठ्ठा चिकटवला, पेन बांधला, टोक पुठ्ठ्याला टेकवलं.

"हे का आता?"

"पेन."

"मले बी दिसते. कायले?"

"मशीन तपासतो. तुमी जरा बान दाबा, मी इकडे पडद्यावर आकडे पायतो." पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. मी आकडे फार गंभीरपणे बघितले.

त्यांनी उजवा बाण दाबला. टेबल डावीकडे सरकलं आणि पुठ्ठ्यावर निळी रेघ उमटली; डावीकडून उजवीकडे, जशी शाळेतलं पोर काढतं तशी. ते थांबले. परत दाबलं. रेघ पुढे गेली. मग डावा. मग मागचा. एकदा बोट चुकलं, रेघ नको तिकडे गेली. काही तुटलं नाही. टण्ण झालं नाही. पुठ्ठा होता, खराब झाला.

"झाली का तपासून?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नाही. अजून थोडं."

"हूं," ते म्हणाले, आणि त्या हूंमध्ये त्यांना सगळं कळल्याचं मलाही कळलं. पण त्यांनी बोट काढलं नाही.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मशीनवर पुठ्ठा लागायला लागला. मी जाताना-येताना डोकावायचो. पहिल्यांदा नुसत्या रेघा. मग पायऱ्या. मग घर, त्याला कौलं. बाणांनी फक्त सरळ रेघा निघतात, तिरपी काढायची तर दोन बाण एकदम दाबावे लागतात. तेही त्यांनी शोधून काढलं. मी एवढंच बघायचो की नजर कुठे आहे. हळूहळू ती टेबलावरून उठून पेनाच्या टोकावर येऊन बसली होती. डोंगा बदलला होता, पण हे मी बोललो नाही. डोंग्यावर बोलायचा माझा अधिकार संपला होता.

दिवाळी तोंडावर आलेली. एका दुपारी मी वर्कशॉपात होतो, पुठ्ठ्यावर एक लांबट, कोनाकोनांची आकृती तयार होत होती. तेवढ्यात शेठ आले, मागे दोन माणसं एक शाफ्ट उचलून. कुठल्यातरी मिलवाल्याचा, अर्थातच आजच्या आज. त्यात चावी, म्हणजे पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी पट्टी, बसवायची खाच कोरायची होती.

शेठनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. "हे का होय?"

"मासा," ताराचंदभाऊ म्हणाले.

"डोळा कुठं हाय त्याले?"

"काढतो. पहिले शाफ्ट द्या."

पेन निघाला, कटर चढलं, शाफ्ट वाईसमध्ये बसला. शेठ हाताची घडी घालून उभे राहिले. ते का उभे राहिले हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी माझे हात खिशात घातले; बाहेर ठेवले असते तर ते आपोआप पेटीकडे गेले असते.

कटर उजवीकडच्या उघड्या टोकातून शाफ्टमध्ये शिरलं. खाच निम्मी झाली आणि कटर गार ठेवणाऱ्या पाण्याची नळी क्लिपातून सुटून सरळ कटरसमोर लोंबू लागली. माझ्या तोंडून आवाज फुटायच्या आत ताराचंदभाऊंनी मशीन थांबवून हातावर, म्हणजे बाणांवर, घेतली होती आणि बोट बाणावर होतं. उजव्या. टेबल डावीकडे निघालं, कटर खाचेतून अलगद बाहेर आलं. त्यांनी नळी परत अडकवली, कटर आत नेलं, काम पुढे सुरू.

शेठना त्यात विशेष काही दिसलं नाही. का दिसावं? बटण दाबलं, टेबल सरकलं. त्या वेळी वर्कशॉपात फक्त दोन माणसांना माहीत होतं की आत्ता काय झालं, आणि त्यातला एक दुसऱ्याकडे बघायला तयार नव्हता.

खाच झाली. शेठनी चावी घेऊन खाचेत ठेवली आणि तळहाताने दाबली. ती बसली. त्यांनी ती काढली, परत बसवली. मग दारापाशी गेले, खिशातून मोबाईल काढला, आणि पत्र्याच्या त्या वर्कशॉपात आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हां, नोको येऊ भाऊ... नाही नाही, मशीन चालू हाय... मानूस हाय ना आमच्यापाशी."

ताराचंदभाऊंनी शाफ्ट उतरवून दिला होता. कटर काढून त्यांनी पुन्हा पेन बांधला, पुठ्ठा होता तसा चिकटवला. डावा बाण जरासा, पुढचा जरासा, परत डावा. पेन माशाच्या तोंडाजवळ, वर अधांतरी येऊन थांबला. डोळा काढायला डावं-उजवं लागत नाही, फक्त खालचा बाण लागतो. त्यांनी तो दाबला. पेन हळूच खाली आला, पुठ्ठ्याला टेकला, आणि वर गेला.